समजा, दर दहा टक्के आहे

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी दुसऱ्यांचा गृहपाठ करून पैसे मिळवत होतो. दुसऱ्यांचा म्हणजे अमेरिका-ऑस्ट्रेलियात बिझनेस शिकणाऱ्या मुलांचा. मध्ये एक वेबसाइट होती, ती त्यांच्याकडून डॉलर घ्यायची आणि आम्हाला रुपये द्यायची. रात्री गणितं यायची, सकाळपर्यंत पायऱ्यांसकट उत्तरं पाठवायची. एका गणिताचे दोनशे ते तीनशे रुपये. ही लबाडी आहे हे तेव्हाही कळत होतं. पण मेसचं बिल त्यातून निघत होतं, म्हणून कळूनही करत होतो.

विषय तीन : अकाउंटिंग, गुंतवणूक आणि कॉर्पोरेट फायनान्स. तिन्ही अगदी पहिल्या पायरीचे. मी कॉमर्सचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, पण दोन आठवड्यांत हात बसला. सूत्रं पंधरा-वीसच होती. ज्याने एम-थ्री काढला आहे त्याला यात अवघड असं काही नाही. वर्षभरात शेकडो गणितं सोडवली असतील. उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर.

आज मला म्हणायचं आहे ते हे : ज्यांच्यासाठी सोडवली ती मुलं त्यातून काही शिकली नाहीत, हे उघड आहे. पण सोडवणारा मीसुद्धा काही शिकलो नाही. आणि दोष फक्त माझ्या लबाडीचा नाही. ही गणितं ज्या पद्धतीने घातली जातात, त्या पद्धतीचाही आहे.

नमुना बघा. एक कंपनी १,००,००० डॉलरचं मशीन घेते. त्यातून पाच वर्षं दरवर्षी २८,००० डॉलर मिळतील. समजा, डिस्काउंट रेट १० टक्के आहे. मशीन घ्यावं का?

पाच वर्षांनी मिळणारा डॉलर आजच्या डॉलरइतक्या किमतीचा नसतो. म्हणून पुढच्या प्रत्येक रकमेला त्या दराने भागत भागत आजच्या किमतीला आणायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि त्यातून मशीनची किंमत वजा करायची. उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही. इथे ते ६,१४२ डॉलर येतं. शून्याच्या वर आहे, मशीन घ्या. दोनशे रुपये माझे.

आता १० च्या जागी १३ टक्के घाला. तेच उत्तर उणे दीड हजार होतं. किंवा दर १० च ठेवा आणि वर्षाला २८,००० ऐवजी २६,००० मिळतील असं धरा. उत्तर पुन्हा उणे, सुमारे १,४०० डॉलर. मशीन घेऊ नका. सूत्र तेच, पायऱ्या त्याच, निकाल उलटा. म्हणजे निर्णय सूत्रात नव्हताच, तो ‘समजा’ या शब्दानंतरच्या आकड्यात होता. दहा टक्के का? अठ्ठावीस हजार कोण म्हणतं? मशीन विकणारा म्हणतो की चालवणारा? हा प्रश्न शेकडो गणितांत मला एकदाही कुणी विचारला नाही. तो आकडा आकाशातून पडल्यासारखा छापलेला असायचा. आपणही शाळेत हेच केलं आहे. मुद्दल दिलेलं, मुदत दिलेली, द.सा.द.शे. दिलेला. उत्तर काढा, चौकटीत लिहा, दोन गुण.

बाहेरच्या जगात नेमकं उलटं असतं. तिथे सूत्र कुणीही सांगतं. आकडाच कुणी सांगत नाही. आणि सांगितला, तर सांगणाऱ्याचा त्यात काहीतरी फायदा असतो.

हे मला कसं कळलं ते सांगतो. त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो होतो. पप्पांचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. संध्याकाळी ओळखीतले एक काका विम्याची पॉलिसी घेऊन आले. वर्षाला ५०,००० रुपये, २० वर्षं. म्हणजे दहा लाख भरायचे आणि शेवटी अठरा लाख मिळायचे. वर विमा आहेच. काकांनी कागदावरच्या एका रकान्यावर पेनाने गोल केला. त्या रकान्याच्या डोक्यावर ८ टक्के असं लिहिलेलं होतं. चहा झाला, फराळ झाला, सह्या झाल्या. मी आतल्या खोलीत लॅपटॉपवर मेलबर्नच्या कुणा मुलाचं गणित सोडवत होतो. अमुक वर्षं अमुक हप्ता भरला, शेवटी अमुक रक्कम मिळाली, तर परताव्याचा दर काढा. अक्षरशः तेच गणित. भिंतीपलीकडे पप्पा ते न सोडवता सही करत होते आणि मी ते परक्यासाठी सोडवत होतो.

नोकरी लागून बरीच वर्षं झाल्यावर एकदा कागदपत्रांची फाईल लावताना ती पॉलिसी हाताला लागली. तोवर आठ हप्ते भरून झाले होते. एक्सेलमध्ये ‘रेट’ नावाचं सूत्र आहे, त्यात चार आकडे घातले. वीस वर्षं, पन्नास हजार, अठरा लाख, हप्ता वर्षाच्या सुरुवातीला. दर आला ५.३ टक्के. आठ नव्हे. कारण ते ८ टक्के पप्पांना मिळणारे नव्हतेच. कंपनी गुंतवणुकीवर ८ टक्के कमावेल असं ‘समजून’ मांडलेला तो तक्ता होता, आणि खर्च, कमिशन, विम्याची किंमत वजा जाऊन पप्पांच्या हाती काय पडेल ते खाली होतं. विमा नियामकाच्या नियमाने अशा तक्त्यात ४ टक्क्यांचाही रकाना शेजारी छापावा लागतो. तो होताच. त्यात तेरा लाख लिहिले होते. त्याचा दर अडीच टक्क्यांहूनही थोडा कमी येतो. त्या रकान्याला गोल नव्हता.

तुलनेसाठी पीपीएफ घ्या. तिथला दर सरकार बदलू शकतं, पण एप्रिल २०२० पासून तो ७.१ टक्के आहे. तोच वीस वर्षं टिकेल असं धरलं तर तेच पन्नास हजार सुमारे बावीस लाख होतात. त्यातून वेगळ्या मुदत विम्याचा हप्ता वजा करायला हवा, हे मान्य. तरी फरक लहान नाही.

मी तावातावाने पप्पांना म्हटलं, ‘ही पॉलिसी बंद करून टाका.’ पप्पा म्हणाले, ‘चार लाख भरलेत रे.’ मी त्यांना पुस्तकातलं ऐकवलं की जे गेले ते गेले, ते हिशेबात धरायचे नसतात, पुढचं बघायचं. आणि मग पुढचं गणित खरंच मांडायला बसलो. आज बंद केली तर कंपनी दोन लाख वीस हजार देणार. चालू ठेवली तर ते दोन लाख वीस हजार सोडून, आणखी बारा हप्ते भरून, शेवटी अठरा लाख. या मधल्या रस्त्याचा दर साडेनऊ टक्क्यांच्या पुढे गेला. तेरा लाख धरले तरी साडेपाचच्या वर. म्हणजे माझाच सल्ला चुकीचा निघाला. सुरुवातीला जी घ्यायला नको होती, ती आता मोडायलाही नको. नुकसान पहिल्या सहीलाच झालं होतं, उशिरा आलेल्या शहाणपणाने ते भरून येत नव्हतं.

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग तेव्हा का बोलला नाहीस?’

याचं खरं उत्तर एवढंच आहे की तेव्हा ते मला गणित वाटलंच नाही. गणित म्हणजे ज्यात आकडे दिलेले असतात ते. पप्पांच्या टेबलावर कागद होता आणि त्यात आकडे शोधायचे होते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

असंच कर्जाचं. गावाकडचा चुलतभाऊ दुचाकी घेताना सांगत होता, ‘दहा टक्क्यांनी मिळालं.’ एक लाख, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट. फ्लॅट म्हणजे तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर व्याज, ३०,००० रुपये. एकूण १,३०,००० भागिले ३६, हप्ता ३,६११. पण लाख रुपये त्याच्याकडे फक्त पहिल्या महिन्यात असतात. दर महिन्याला तो मुद्दलही फेडतो आणि शेवटच्या महिन्यात साडेतीन हजारच बाकी असतात. व्याज मात्र लाखाचंच चालू. उरलेल्या मुद्दलावर दर काढला तर तो १७.९ टक्के येतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचं पत्रक बंधनकारक केलं आहे. त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, एपीआर, लिहावा लागतो. म्हणजे आता उत्तरसुद्धा छापून मिळतं. तरी दुचाकीच्या शोरूममध्ये बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘हप्ता किती’ हाच असतो. कारण दर ही विचारायची गोष्ट आहे, हे आपल्याला शाळेने कधी सांगितलंच नाही. तो नेहमी दिलेलाच असायचा.

अकाउंटिंग त्यातल्या त्यात सोपं, असं समजतात. डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही जुळल्या की झालं. गृहपाठात असतं : उधारीची विक्री इतकी, समजा २ टक्के बुडीत, नफा काढा. पप्पा हे ‘समजा’ रोज दुकानात स्वतः लिहितात. सिमेंटची चाळीस पोती उधारीवर गेली की वहीत विक्री पडते, नफाही पडतो. गल्ल्यात मात्र काही पडत नाही, आणि डीलरचा चेक शनिवारी लागणार असतो. कोणता कंत्राटदार बुडवेल हे ते माणूस बघून ठरवतात. त्यांचा बुडीताचा आकडा कुठल्याही पुस्तकातल्या २ टक्क्यांपेक्षा खरा असतो, कारण तो चुकला तर भुर्दंड त्यांनाच.

आणि बाजू जुळल्या म्हणजे हिशेब खरा असतो का? ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहिलं. सप्टेंबर २००८ अखेरच्या ताळेबंदात रोकड आणि बँकेतली शिल्लक मिळून ५,३६१ कोटी दाखवली होती. त्यातले ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. ताळेबंद जुळत होता. गुणोत्तरं काढायला सांगितली असती तर कुठल्याही विद्यार्थ्याने ती बरोबर काढली असती, पूर्ण गुण मिळवले असते. मी ज्या क्षेत्रात नोकरी करतो त्या क्षेत्रातली ती देशातली एक नावाजलेली कंपनी होती. ‘रोकड : दिलेली आहे’ या तीन शब्दांच्या विश्वासावर सगळं उभं होतं.

हे घरापुरतं किंवा एखाद्या कंपनीपुरतं असतं तरी मी इतकं लिहिलं नसतं. पण अख्ख्या राज्याने असं एक गणित सोडवलं आहे. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी वीस वर्षांचा वीजखरेदी करार केला. आजच्या वाचकांपैकी अनेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, म्हणून थोडक्यात सांगतो. मंडळाने वीज उचलो न उचलो, क्षमतेचं स्थिर शुल्क द्यायचंच होतं. पैशाचं गणित डॉलरशी बांधलेलं होतं. इंधन बाहेरून यायचं, म्हणजे त्याची किंमतही जगाच्या बाजारावर अवलंबून. तीन ‘समजा’ : समजा मागणी वाढत राहील, समजा रुपया टिकेल, समजा तेल महागणार नाही. १९९३ साली डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ साली ४७ च्या आसपास. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ च्या मध्यावर प्रकल्प बंद पडला, कारण त्या भावाची वीज मंडळाला झेपत नव्हती. त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

एनपीव्हीचं सूत्र त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांना येत असणार. वाद सूत्राचा कधीच नव्हता. वर्ल्ड बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला कर्ज नाकारलं होतं. आणि पुण्यात ‘प्रयास’ गटातल्या अभ्यासकांनी, त्यात गिरीश संत यांच्यासारखा आयआयटीत शिकलेला अभियंता होता, हाती आलेल्या आकड्यांवरून हा सगळा हिशेब पुन्हा मांडून लोकांपुढे ठेवला. त्यांना कुणी गृहपाठ दिला नव्हता. आकडे छापून मिळाले नव्हते, उलट ते मिळवण्यासाठीच झगडावं लागत होतं. ‘समजा’च्या पुढे जे लिहिलंय ते कुणी लिहिलं आणि चुकलं तर पैसे कोण भरणार, हा त्यांचा प्रश्न होता. माझ्या मते फायनान्सचा गृहपाठ म्हणतात तो हा.

आता आक्षेप. पहिला, शिक्षकांचा : सुरुवातीला आकडे सोपे आणि दिलेलेच हवेत, नाहीतर मूल सूत्रच शिकणार नाही. बरोबर आहे. गाणं शिकणाऱ्याला पलटे घोटावेच लागतात. पण कुठलाही गुरू पलट्यांवर शिकवणी संपवत नाही. आपण पहिल्या पाठापासून शेवटच्या पेपरापर्यंत पलटेच घेतो आणि मग पदवी देतो.

दुसरा, माझ्या मित्रांचा : हे कॉमर्सवाल्यांचं काम. या वाक्यात जी तुच्छता आहे ती आपण इंजिनिअरांनी अकरावीच्या प्रवेशापासून जोपासली आहे. वर्गातल्या हुशार मुलाने सायन्स घ्यायचं, हिशेबबिशेब बाकीच्यांनी बघायचं. परिणाम असा की लाखभर पगार घेणारा मुलगा मार्चमध्ये कर वाचवायला समोर येईल त्या पॉलिसीवर सही करतो. ज्याला शंभर सर्व्हरचा लोड मोजता येतो त्याला स्वतःच्या गृहकर्जात पहिल्या पाच वर्षांत किती व्याज गेलं ते सांगता येत नाही. मी तुमच्यातलाच आहे, म्हणून बोलतोय.

तिसरा आक्षेप आजचा आहे : आता एआय आहे, गणिताचा फोटो काढा, उत्तर तयार. खरं आहे. माझा तो रात्रीचा धंदा आज चालणार नाही. दोनशे रुपयांचं काम फुकटात होतं, तेही पायऱ्यांसकट. पण याचा अर्थ नीट बघा. ‘समजा’च्या नंतरचं सगळं फुकट झालं आहे. मी एकदा फोनला दर न देता मशीनचं गणित घातलं. त्याने स्वतःच १० टक्के धरले आणि ऐटीत उत्तर दिलं. त्याची चूक नाही, तो आपलीच पुस्तकं वाचून शिकलाय. पण पप्पांच्या कोणत्या गिऱ्हाइकाची उधारी बुडणार आणि काकांनी कोणत्या रकान्याला गोल केला नाही, हे त्याला माहीत नाही. ते तुम्हालाच बघावं लागेल.

म्हणून मागणी साधी आहे. प्रश्नपत्रिकेत आकडे देऊ नका, कागद द्या. शेअर बाजारात नोंदलेल्या कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल फुकट मिळतो, तो द्या. नाव झाकलेलं कर्जाचं पत्रक द्या. पॉलिसीचा तक्ता द्या, दोन्ही रकान्यांसकट. विचारा की कोणता आकडा घेतलास, तोच का घेतलास, तो कुणी दिला, आणि तो किती हलला तर तुझं उत्तर उलटेल. निम्मे गुण यालाच ठेवा. दोन मुलांची उत्तरं वेगळी येतील आणि तपासणाऱ्याला त्रास होईल. होऊ दे. आणि हे फक्त कॉमर्सला नको, इंजिनिअरिंग, डिप्लोमा, आयटीआय, नर्सिंग, सगळीकडे हवं. सही सगळ्यांनाच करावी लागते.

अभ्यासक्रम बदलेपर्यंत तुमच्यासाठी एक रविवार पुरेल. घरातली फाईल काढा. एक पॉलिसी, एक कर्ज, एक मुदत ठेव. प्रत्येकाचे चार आकडे कागदातून शोधा : किती भरायचं, किती वेळा, केव्हा, शेवटी काय. फोनवरच्या शीटमध्ये ‘रेट’ सूत्र टाका. जो दर येईल तो कागदाच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा. मग आई-वडिलांच्या शेजारी बसून तो त्यांना दाखवा, आणि माझ्यासारखं लगेच ‘बंद करा’ म्हणू नका. आधी पुढचं गणित मांडा.

गेल्या महिन्यात पप्पांकडे ते काका पुन्हा आले होते, नवी योजना घेऊन. पप्पांनी कागद ठेवून घेतला, सही केली नाही आणि मला फोटो पाठवला. दोन्ही रकाने फोटोत आले आहेत ना, हे त्यांनी आधी तपासलं होतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. आकडे मांडतोय.